व्हर्लिन टॉलेफसनची हरकत

दिवाळखोर व्हायलाही आधी शिकवणी लावावी लागते, हे व्हर्लिन टॉलेफसनला साठी उलटल्यावर कळलं. खिशात दमडी नाही असं कोर्टाला सांगायचं, तर त्याआधी सरकारमान्य समुपदेशकाकडून खिशात दमडी कशी टिकवावी याचे धडे घ्यायचे, त्या धड्यांची फी भरायची, आणि धडे घेतल्याचा दाखला अर्जाला जोडायचा. दाखला नसेल तर अर्ज नाही. बुडणाऱ्याला दोर टाकण्याआधी पोहण्याच्या क्लासची पावती मागावी, तसला हा प्रकार. पण कायदा वॉशिंग्टनमधल्या शहाण्यासुरत्या माणसांनी केला होता, आणि कशालाही नावं ठेवणं व्हर्लिनच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या दिवाळखोरीचं मूळही तेच होतं.

धंदा तसा बुडण्यातला नव्हता. उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी शहरी लोकांनी सुट्टीची घरं बांधलेली, प्रत्येक घरामागे जमिनीत मैल्याची टाकी, आणि त्या टाक्या उपसायला पंचक्रोशीत एकच टँकर, तो व्हर्लिनचा. टँकरच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमचं झालं, आता आमचं सुरू’. माणसं जेवायची थांबत नाहीत तोवर या धंद्याला मरण नाही, असं व्हर्लिनचा बाप म्हणायचा. मुलगा भिडस्त निघेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

टाकी उपसून झाली की लोक विचारायचे, “किती द्यायचे?” आणि व्हर्लिन टोपी हातात घेऊन म्हणायचा, “राहू दे हो, बघू सावकाश.” आता स्वान फॉर्क गावात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तिथे पहिलं ‘नको’ म्हणजे संस्कार, दुसरं ‘नको’ म्हणजे संकोच, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं ते खरं उत्तर. पण तळ्याकाठची घरं शिकागोवाल्यांची. ते पहिल्या ‘राहू दे’लाच “वा, थँक्यू!” म्हणून पाकीट खिशात घालायचे. अशी दहा-बारा वर्षं सावकाश बघता बघता टँकरचे हप्ते थकले, आणि वित्त कंपनीने मात्र सावकाश बघायचं नाकारलं.

त्या सकाळी कर्स्टन ओबर्गचा फोन आला तोच तावातावाने. कर्स्टन ही गावातली एकुलती एक वकिलीण. व्हर्लिनच्या वर्गमित्राची मुलगी, त्यामुळे कान धरायचा तिला जन्मसिद्ध हक्क होता.

“व्हर्लिनकाका, झाली का शिकवणी?”

“आज करतोच आहे. काल करणार होतो, पण म्हटलं सोमवार. त्या लोकांना कामाची गर्दी असेल, उगाच कशाला त्रास.”

“काका, टँकर उचलायचं पत्र कंपनीने रोलीकाकाला पाठवलंय. आज कधीही येईल तो. एकदा गाडी गेली की ती सोडवून आणता आणता तुमचा हंगाम संपेल. अर्ज कोर्टात चढला की कुणाच्या बापाची टाप नाही गाडीला हात लावायची. पण मला आधी दाखला हवाय. आत्ता फोन लावा!”

तळ्यांवरचा बर्फ नुकताच फुटला होता. टाक्या उपसायचा हंगाम तोंडावर आला होता, आणि टँकर गेला तर टॉलेफसनच्या घरात उपसण्यासारखं काहीच उरणार नव्हतं. पिकअप गाडी गेल्या हिवाळ्यातच गेली होती. तीही रोलीनेच नेली होती. व्हर्लिन निजायच्या खोलीत गेला, दार लावून पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने नंबर फिरवला.

फोन उचलला डोलोरेस क्विन्टेरो नावाच्या बाईंनी. बाई न्यू जर्सीच्या. तिकडे ‘हो’ म्हणजे हो, ‘नाही’ म्हणजे नाही, आणि गप्प बसलात तर हा बहुधा गेला असं समजून पुढचा फोन घेतात.

“कसं काय चाललंय, मिस्टर टॉलेफसन?”

“बरं चाललंय. तक्रार करण्यासारखं काही नाही.”

“तुम्ही दिवाळखोरीसाठीच फोन केलाय ना?”

“हो. तेवढं सोडलं तर.”

बाईंनी काहीतरी टाइप केलं. “आमच्या शिकवणीला फी आहे. परिस्थिती बेताची असेल तर माफ होते. करू का माफ?”

“छे छे, राहू दे. तुमचंही पोट आहे.”

“ठीक. पूर्ण फी.” तिकडे खट्‌ करून बटण दाबल्याचा आवाज आला. व्हर्लिन दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिला. बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या.

“लोकांकडून धंद्याचं काही येणं आहे?”

“थोडंफार.”

“थोडंफार म्हणजे?”

व्हर्लिनने अदमासे आकडा सांगितला. डोलोरेसबाईंची बोटं थांबली. “हे थोडंफार? बरं, मिळणार का ते?”

“मिळतील की. माणसं चांगली आहेत.”

मग बाईंनी सगळी चांगली माणसं जमेच्या बाजूला मांडून टाकली. औषधपाणी विचारलं, तर व्हर्लिन म्हणाला, गुडघा कुरकुरतो, पण त्याचं काय एवढं. औषधपाणी शून्य. कपडे? आहेत की अंगावर. शून्य. घर गरम ठेवण्याचा खर्च? स्वेटर घालतो आम्ही. तोही जवळजवळ शून्य. असं करत करत गाडी कॉफीवर आली.

“एवढी कॉफी?” बाई किंचाळल्याच. “घरात किती माणसं आहात?”

“दोघं.”

“दोघं एवढी कॉफी पिता? झोपता कधी?”

“आम्ही नाही हो. लोक येतात ना.”

“मिस्टर टॉलेफसन, शिकवणीतला पहिला धडा. घरी येणाऱ्याला कॉफी द्यायची बंद करा.”

आतापर्यंत व्हर्लिनला फी, कर्ज, जप्ती, कशाचंही एवढं वाईट वाटलं नव्हतं. आलेल्या माणसाला कॉफी न विचारता परत पाठवायचं, म्हणजे मग घराला दार तरी कशाला ठेवायचं? पण बाई शिकलेल्या होत्या, सरकारमान्य होत्या. “बघू या,” तो म्हणाला. बाईंनी कॉफीवरही शून्य मांडलं.

“अभिनंदन!” बेरीज झाल्यावर बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे दर महिन्याला चांगले पैसे उरतायत. तुम्हाला दिवाळखोरीची गरजच नाही. मी हप्ते बांधून कर्ज फेडायचा आराखडा करून देते आणि दाखल्याबरोबरच जोडते. चालेल ना?”

आपल्याकडे पैसे उरतात, हे व्हर्लिनला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. त्याला क्षणभर बरंच वाटलं. “तुम्ही म्हणता तर चालेल,” तो म्हणाला.

“दाखला ईमेलने पाठवू की टपालाने?”

“तुम्हाला सोयीचं पडेल तसं.”

“मग टपालाने. ईमेल आज फारच रडवतोय.”

“हो हो. घाई नाही,” व्हर्लिन म्हणाला, आणि बाईंना दोनदा धन्यवाद देऊन त्याने फोन ठेवला.

ही खुशखबर त्याने लगेच कर्स्टनला फोनवर कळवली.

“काका, तो आराखडाही कोर्टात द्यावा लागतो. एकीकडे आपण म्हणणार पैसे नाहीत, आणि दुसरीकडे सरकारमान्य बाई लिहून देणार की या माणसाकडे पैसे वर ओसंडून चाललेत. आणि दाखला टपालाने! टपाल येईपर्यंत रोलीकाका टँकर नेऊन, धुऊन, लिलावात उभा करेल. परत फोन लावा त्या बाईंना. सांगा, आराखडा फाडा, दाखला आत्ता माझ्या ईमेलवर पाठवा. आणि काका, त्या जे विचारतील त्याला हो किंवा नाही, एवढंच बोला. जमेल ना?”

“जमायला काय हरकत आहे,” व्हर्लिन म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला खिडकीतून अंगणात शिरणारी रोलीची गाडी दिसली. मागे आकडा लोंबत असलेली.

रोली ब्रँडव्होल्ड हा व्हर्लिनचा शाळासोबती. हप्ते थकलेल्या गाड्या ओढून नेणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग, आणि सगळा मुलूख ओळखीचा, त्यामुळे लग्नाकार्यांत त्याला बसायला जागा शोधताना पंचाईत व्हायची. तो टँकरकडे न बघता सरळ दाराशी आला आणि पायपुसण्यावर उभा राहिला.

“आत ये की,” व्हर्लिनची बायको आर्डिस म्हणाली.

“नको, बुटांना चिखल आहे.”

“फरशी पुसायचीच आहे अजून.”

“नको गं, दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटं उभ्याने कशाला? बस.”

“बरं, आग्रहच आहे तर,” म्हणून रोलीने बूट काढले. कॉफीचंही तसंच झालं. नको, आत्ताच घेतली. नको, अर्धा कपही नको. केलेली आहे, ओतून द्यावी लागेल, असं आर्डिस म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, “ओतायचीच असेल तर मग कपातच ओत.”

आतल्या खोलीत व्हर्लिनने पुन्हा नंबर फिरवला होता, आणि फोनवर वाट बघायला लावणारं संगीत वाजत होतं. घर जुनं, भिंती पातळ. ते संगीत स्वयंपाकघरातही ऐकू येत होतं. जोवर ते वाजतंय तोवर या पाहुण्याला खुर्चीतून उठू द्यायचं नाही, हे आर्डिस पुरतं ओळखून होती. तिने रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट पुढे केलं.

रोलीने एक वडी घेतली. मग घसा खाकरला. “आर्डिस, मी आलोय ते... बाहेर जरा ते काम आहे.”

“हो, कळलं.”

“म्हणजे ती गाडी न्यायची आहे. तर...” तो थांबला आणि तिच्याकडे आशेने बघत म्हणाला, “काही हरकत?”

“छे, हरकत कसली! तुझं कामच आहे ते. आणखी एक वडी घे.”

रोलीचा चेहरा उतरला. त्याने वडी घेतली आणि खिडकीबाहेर बघत चावत बसला. आर्डिसला वाटलं, वडी आंबट झाली.

तिकडे संगीत थांबलं. “डोलोरेस बोलतेय.”

“मी मघाचा टॉलेफसन. तुम्हाला त्रास नाही ना?”

“आहे. बोला.”

व्हर्लिनने अडखळत सगळं सांगितलं. दाखला तातडीने हवाय, आराखडा नकोय, पैसे उरत नाहीत, चांगल्या माणसांकडून येणं कधी येईल याचा भरवसा नाही.

“अहो, पण मघाशी तुम्हीच म्हणालात, बरं चाललंय!”

“ते म्हणायची पद्धत असते.”

“म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?”

“खोटं नाही हो. बरं बोललो.”

बाईंनी कपाळाला हात लावला असावा. मग त्या जरा मऊ झाल्या. “हे बघा, माझी नोंद बदलायची तर मला तुमच्या तोंडून स्वच्छ उत्तर हवं. हे संभाषण रेकॉर्ड होतंय. मी एकच प्रश्न विचारते. हो किंवा नाही. तुम्हाला हे कर्ज फेडणं जमेल का?”

“तसं बघायला गेलं तर...”

“हो की नाही?”

“म्हणजे अगदीच जमणार नाही असं नाही, पण...”

“मग ‘हो’ लिहू?”

“लिहायचंच असेल तर...”

“मिस्टर टॉलेफसन!”

स्वयंपाकघरात ताटात आता एकच वडी उरली होती. शेवटचा घास घेणारा माणूस स्वान फॉर्कमध्ये अजून जन्माला यायचाय. रोलीने सुरीने वडीचे दोन भाग केले आणि एक घेतला. आर्डिसने उरलेल्याचा अर्धा घेतला. रोलीने त्याचाही अर्धा केला. असं करत करत ताटात मुंगीलाही ओशाळं वाटेल एवढा चुरा उरला, आणि तो कुणीच घेईना. रोली नाइलाजाने उठला आणि त्याने हातमोजे चढवले.

“आर्डिस, नीट विचार करून सांग हं. मी गाडीला आकडा लावतोय. कुणाची काहीसुद्धा हरकत नाही ना?”

“अरे, किती वेळा विचारशील? आम्ही कधी कुणाला अडवलंय का?”

“तेच तर!” रोली वैतागून म्हणाला. आर्डिसला काही कळलं नाही. “थांब, कॉफीचं नवं भांडं लावते,” ती म्हणाली, पण तो तोवर दाराशी जाऊन बूट चढवायला लागला होता.

व्हर्लिनला खिडकीतून टँकर दिसत होता. त्याला आठवलं, बापाने त्याला पहिल्यांदा टँकर चालवायला बसवलं तेव्हा त्याचे पाय नीट पोचतही नव्हते. ही गाडी बापाची नव्हती, पण धंदा बापाचा होता, आणि गिऱ्हाइकांना सावकाश सावकाश म्हणत त्याने तो हातचा घालवला होता. कधी न पाहिलेल्या एका बाईला आता ते तोंडाने सांगायचं होतं. त्याला लाज वाटली आणि रडूही आलं.

“शेवटचं विचारते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही उत्तर नाही दिलंत तर मला ‘हो’ धरावं लागेल. जमेल का?”

“नाही!” व्हर्लिन ओरडला. “नाही! नाही जमणार! अजिबात नाही!”

आवाज एवढा मोठा होता की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. चाळीस वर्षांच्या संसारात आर्डिसने नवऱ्याच्या तोंडून एवढी नाही-नाही एकदम ऐकली नव्हती. तिच्या हातातलं कॉफीचं भांडं तिथेच राहिलं. रोली मात्र एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत खुलला.

“ऐकलंस? ऐकलंस ना, आर्डिस? मालकाने हरकत घेतली!”

“म्हणजे?”

“म्हणजे मी मोकळा! अगं, कायदाच आहे तसा. मालकाने नको म्हटलं की आम्हाला गाडीला हात लावता येत नाही. भांडायचं नाही, ढकलाढकली नाही, गुपचूप परत फिरायचं. मग कंपनीने कोर्टात जावं आणि काय करायचं ते करावं.”

“मग आधीच का नाही सांगितलंस, मेल्या?”

“मी कसा सांगणार? कंपनीचं मीठ खातो. आपणहून सांगणं बरं दिसतं का? मघापासून विचारतोय, हरकत आहे का, हरकत आहे का. तू आपली वड्या वाढतेस! आणि पिकअप नेली तेव्हा? तेव्हाही विचारलं होतं. तुझा नवरा म्हणाला, हरकत कसली, आणि अंधार होता म्हणून मला आकडा दिसावा म्हणून टॉर्च धरून उभा राहिला!”

एवढं बोलून रोली जो निघाला तो सरळ गाडीत बसून गेला. रीतीप्रमाणे निरोप दारात एकदा, पायरीवर एकदा आणि गाडीच्या खिडकीतून एकदा घ्यायचा असतो. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. न जाणो, तेवढ्या वेळात एखाद्याने नम्रपणा केला तर काय घ्या?

आतल्या खोलीत डोलोरेसबाईंनी मोठ्या समाधानाने बटण दाबलं. “फीही माफ केली,” त्या म्हणाल्या. “आणि विचारत बसत नाहीये.” दाखला कर्स्टनच्या ईमेलवर गेला. कर्स्टनने फोनवर सांगितलं, तासाभरात अर्ज कोर्टात चढवते. व्हर्लिन डोळे पुसत बाहेर आला. अंगणात टँकर जागच्या जागी उभा होता.

“आर्डिस, झालं! सगळं झालं! आणि रोली कुठाय?”

“गेला.”

“एवढ्यात? कॉफीचं दुसरं भांडं न पिता?”

“तू ओरडलास ना. त्याला वाटलं, तू त्यालाच ओरडलास. हरकत घेतलीस म्हणाला. त्यामुळेच तर गाडी वाचली.” आर्डिसने त्याला सगळी हकीकत सांगितली, आणि सांगताना तिला हसू आवरेना. व्हर्लिनला मात्र हसू आलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे मी रोलीला घरातून हाकलला?”

“हाकललास नाही. हरकत घेतलीस.”

“माझ्या बापाची शवपेटी त्याने खांद्यावर घेतली होती, आर्डिस. आणि मी त्याला शेजारच्या खोलीतून ओरडलो? समोर येऊनसुद्धा नाही!”

“मग फोन कर.”

“माफी फोनवर मागतात का?”

आर्डिस म्हणाली, थांब, तळघरातल्या फ्रीजरमध्ये वड्यांचा एक डबा आहे, तो तरी घेऊन जा. ती डबा घेऊन वर आली, त्याच्या हातात दिला, आणि कॉफीची भांडी विसळायला लागली. बाहेर इंजिनाचा आवाज झाला, तोही तिने ऐकला. त्यात काही वावगं आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. चालत जायला रोलीचं घर लांब होतं, आणि पिकअप तर गेली होती.

तेवढ्यात कर्स्टनचा फोन. “काकू, अर्ज चढतोय. कोर्टाचा संगणक जरा वेळ घेतोय. तेवढा वेळ टँकर रोलीकाकाच्या नजरेला पडू देऊ नका. एकदा चढला की प्रश्नच नाही, पण तोवर विषाची परीक्षा कशाला?”

आर्डिसने खिडकीतून बघितलं. अंगणात ओल्या मातीवर चाकांच्या खुणा होत्या.

“नजरेला पडणारच नाही, असं काही छातीठोक सांगता येणार नाही गं,” ती म्हणाली.

तिकडे रोली आपल्या घराच्या पायरीवर बसून कंपनीला फोनवर कळवत होता, की मालकाची तीव्र हरकत असल्यामुळे वाहन ताब्यात घेता आलं नाही. ‘तीव्र’ हा शब्द त्याने मोठ्या आनंदाने घातला होता. तेवढ्यात फाटकातून मैल्याचा टँकर आत आला. व्हर्लिन व्यवस्थित गाडी चालवणारा माणूस. त्याने टँकर मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला, आणि दुसऱ्याची वाट अडू नये म्हणून रोलीच्या गाडीला अगदी चिकटून उभा केला. लोंबता आकडा टँकरच्या नाकाला लागत होता.

व्हर्लिन टोपी काढून, डबा पुढे धरून आला. “रोली, मघाशी मी जे ओरडलो ते तुला नव्हतं. एका बाईला होतं. मी माझे शब्द मागे घेतो.”

“घेऊ नकोस!” रोली उडालाच.

“नाही नाही, घेतोच.”

“अरे शहाण्या, शब्द मागे घेतलेस तर तुझी हरकत गेली! हरकत गेली की मला गाडी घ्यावी लागेल! आणि तूच ती माझ्या अंगणात आणून लावलीस! पुन्हा नाही म्हण. लवकर.”

व्हर्लिनने टँकरकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं.

“तुझ्या दारात उभं राहून,” तो म्हणाला, “तुझ्याच तोंडावर नाही म्हणू? बरं दिसतं का ते, रोली?”

“कोण आलंय रे?” आतून रोलीच्या बायकोने, बेव्हने विचारलं.

रोलीने टँकरकडे पाठ फिरवली. “व्हर्लिन आलाय,” तो म्हणाला. “चालत.”

“चालत? एवढ्या लांबून? मग जाताना बिचाऱ्याला तुझ्या गाडीने सोडून ये.”

“नको नको,” व्हर्लिन म्हणाला, “उगाच कशाला त्रास.”

बेव्ह दुसऱ्यांदा आग्रह करायला बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं, पिवळी अक्षरं वाचली, वासही तिला आलाच. पण दारी आलेल्या पाहुण्याच्या गाडीबद्दल बोलणं बरं दिसत नाही. “चालून थकला असशील,” ती म्हणाली, “कॉफी तरी घेऊन जा.” व्हर्लिन म्हणाला, नको, घरी झालीय. ती म्हणाली, अर्धा कप. तो म्हणाला, अर्धाही नको. ती म्हणाली, केलेलीच आहे. मग तो म्हणाला, बरं, आग्रहच आहे तर, आणि बूट काढून आत गेला. तिसरा कप संपेपर्यंत कर्स्टनचा अर्ज कोर्टात दाखल झाला होता.